निवलेली भेग

हौसाआत्याने गाठोडं आधीच बांधून दाराशी आणून ठेवलं होतं. त्यात तिची लुगडी होती, देव्हाऱ्यातले टाक होते आणि गेलेल्या नवऱ्याचा फोटो होता. "निकाल काय बी लागू दे, मला उचलून न्यायची पाळी कुणावर येऊ नये," असं ती आल्यागेल्याला ऐकवत होती. बोलायला मोठी शूर, पण घराच्या पुढच्या भिंतीकडे बघायचं ती सकाळपासून टाळत होती.

त्या भिंतीच्या गिलाव्यावर, खिडकीच्या कोपऱ्यापासून पायरीपायरीने खाली उतरलेली एक भेग होती. भेगेसमोर तिची भाची केतकी शेलार गुडघे टेकून बसली होती आणि केस वाळवायच्या यंत्राएवढं एक यंत्र तिने भिंतीला लावलं होतं. गौरी जाऊन आठवडा झाला होता, उंबऱ्याबाहेर त्यांची पावलं अजून पुसट दिसत होती. त्या पावलांवर पाय पडू नये म्हणून आंबेदऱ्याची अख्खी वरची आळी अंग चोरून उभी होती.

केतकी भूसुरक्षा कक्षात तपासनीस होती. नात्यातल्या घराची तपासणी करू नये असा नियम होता, पण माणसं कमी आणि डोंगरावरची गावं फार, अशी कक्षाची गत होती. सोनवलकर साहेबांनी तिलाच पाठवलं. "निकाल यंत्र देणार आहे, केतकी," ते म्हणाले होते. "यंत्राला आत्या नसते."

हे यंत्र काय करायचं ते समजायला फार शिकावं लागत नाही. गिलाव्यात चुना असतो. भिंत तडकली की भेगेच्या दोन ओठांवरचा ताजा चुना पहिल्यांदाच उघड्या हवेत येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड तो हळूहळू शोषतो आणि त्याचा पुन्हा चुनखडीचा दगड होऊ लागतो. हा थर वर्षावर्षाने वाढतो. यंत्र भेगेत प्रकाशाचा बारीक किरण सोडायचं, परत आलेल्या प्रकाशावरून थर मोजायचं आणि भेग कधी पडली ते सांगायचं. पाऊस, दमट हवा, उन्हाची दिशा हे सगळं ते हिशेबात धरायचं. मागाहून कुणी पुट्टी किंवा सिमेंट भरलं असेल तर तेही ओळखायचं, म्हणून त्याला फसवणं अशक्य आहे असं सगळे म्हणत. केतकीही म्हणत असे.

भेगेचं वय कळायला हवं होतं ते डोंगराच्या पोटातल्या पाण्यामुळे. आंबेदऱ्याच्या वर पठारावर एक तलाव होता आणि खाली दरीत दुसरा. दिवसा उन्हाच्या विजेवर पाणी वर चढवायचं आणि दिवेलागणीला बोगद्यातून खाली सोडून पुन्हा वीज काढायची, असा तो प्रकल्प होता. बोगदा वरच्या आळीच्या बरोबर खालून गेला होता. रोज डोंगर जड व्हायचा आणि रोज हलका. त्याने उतार सरकू लागला असेल तर भिंतींवरच्या भेगा नव्या असणार, आणि आळी उठवावीच लागणार. भेगा प्रकल्पाच्या आधीच्या असतील तर त्या घर बसतानाच्या, निरुपद्रवी, म्हणजे कक्षाच्या भाषेत निवलेल्या. सगळं गाव त्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

यंत्र बोललं, "जुनी भेग. निवलेली. घर राहण्यास योग्य."

क्षणभर कुणाचा विश्वासच बसेना. मग पोलीसपाटील बाजीरावतात्यांनी टोपी काढून आभाळाकडे बघत हात जोडले आणि एकदम गलका झाला. केतकी उठून आत्याजवळ गेली तेव्हा ती हसत होती आणि नाकाडोळ्यांतून पाणीही गाळत होती.

"माझ्या पोरीनं घर राखलं गं!" ती सगळ्यांना सांगत सुटली. "आई मेल्यावर हिला मी सांभाळली, आता हिनं मला सांभाळली."

पुढच्या साऱ्या घरांचा निकाल तोच आला. केतकीला मनातून हायसं वाटलं. गेली दोन वर्षं ती आत्याला साताऱ्याच्या फ्लॅटवर चल म्हणून मागे लागली होती आणि आत्या दरवेळी फुरंगटून बसायची. आता भांडणाचं कारणच उरलं नव्हतं. आत्याने गाठोड्याची गाठ सोडली, लुगडी एकेक करून फळीवर ठेवली आणि भाचीसाठी शेवयांची खीर केली. केतकीने दोनदा मागून घेतली.

*

आंबेदऱ्याचे आकडे फार कामाचे ठरले. एकाच उतारावरची इतकी घरं एकसारखी निवलेली निघाली म्हणून तेच आकडे नमुना धरून सगळ्या खोऱ्याचा नकाशा तयार झाला. नकाशा हिरवागार होता. उताराचा कल मोजणारी जुनी उपकरणं आता कशाला, म्हणून ती काढून नेली. प्रकल्पाला खणून तयार असलेला दुसरा बोगदा सुरू करायची परवानगी मिळाली आणि डोंगर दुप्पट पाणी पिऊ लागला.

शिमग्याला केतकी आत्याकडे आली. होळी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या काठी टेकत देवळापुढच्या माळावर निघाली. तिच्या काखेत एक जुना पत्र्याचा डबा होता.

"धर गं," ती म्हणाली आणि वाकून निवलेली राख डब्यात भरू लागली.

"कशाला एवढी राख?"

"कशाला म्हंजी? गौरीला भेगा मिटवायला. इसरलीस व्हय? उघड्या भेगेच्या घरात गौर पाय ठेवत न्हाय. समद्या आळीची राख मीच मळून देते, चुना न् ताक घालून. ल्हान असताना तूच तर अंगठ्यानं दाबायचीस. तुझा अंगठा बारीक, भेगंत नीट जायचा."

केतकीच्या हातातला डबा तिरपा झाला आणि राख तिच्या पायांवर सांडली.

तिला सगळं आठवलं. ओल्या राखेचा थंडपणा आठवला, ताकाचा आंबूस वास आठवला. दहा वर्षांची असताना ती कऱ्हाडच्या वसतिगृहात गेली, तिथे ना भिंत तिची ना गौर तिची, आणि तिच्या अंगठ्याला माहीत असलेली ही गोष्ट डोक्यातून साफ गेली. पुट्टी ओळखणारं, सिमेंट ओळखणारं यंत्र ज्यांनी घडवलं त्यांना होळीची राख कुणी सांगितलीच नव्हती. लाकडाच्या राखेत चुनखडीच असते. हवेत वर्षानुवर्षं मुरलेल्या भेगेत जी सापडते तीच. राखेने बुजवलेली कालची भेग यंत्राला म्हातारी दिसणार होती, आणि तपासणी तर गौरी गेल्यावर आठवड्याने झाली होती.

ती धावतच घरी गेली. पिशवीच्या तळाशी तिच्याकडे फिनॉल्फ्थॅलिनची बाटली असायची. दहावीत शाळेत सगळ्यांनी पाहिलेला रंग तो, ताज्या चुन्यावर टाकला की गुलाबी होतो, मुरलेल्यावर होत नाही. भिंत फोडावी लागते म्हणून कक्षाने ही पद्धत केव्हाच बंद केली होती. केतकीने छिन्नी घेतली आणि भेगेतली राख कोरून ओठाचा एक टवका उडवला.

"अगं ए! भिंतीनं तुझं काय वाकडं केलंया?" मागून पोचलेली आत्या ओरडली.

केतकीने टवक्यावर थेंब टाकले. तो गुलाबी झाला. वरची पापुद्र्याएवढी कड सोडली तर सगळा, अगदी भेगेच्या ओठापर्यंत. भेग नवी होती. बोगद्याहून नवी होती. ती इतकी गुलाबी होती की शाळेत असती तर बाईंनी शाबासकी दिली असती. केतकी तिथेच अंगणात बसली आणि तिला हमसून रडू आलं.

आत्याला सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने डब्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

"म्हंजी माझ्या राखंनं..."

*

सोनवलकर साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी केतकीचं सगळं ऐकून घेतलं, टवका हातात घेऊन पाहिला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला.

"मला पटतंय," ते म्हणाले. "पण मी वर काय सांगू? तपासनीस बाईंनी स्वतःच्या आत्याच्या घराला आधी योग्य म्हटलं आणि आता पुनर्वसनात दुसरं घर मिळेल म्हणून अयोग्य म्हणतायत?"

"आपण राखेबद्दल कळवू ना, सर."

"कळवतो. ते तपासणार, यंत्राला शिकवणार, मग नवे निकाल. तोवर जुने निकाल कायम. आणि तू छिन्नी लावलीस. छेडलेल्या भेगेचं वाचन यंत्र घेतच नाही."

"मग बाकीची घरं?"

"बाकीच्या घरांत राख आहे." सोनवलकरांनी टवका तिच्या हातात परत दिला. "एका गावाला एकदा फेरतपासणी मिळते. एकच घर, न छेडलेली भेग आणि दुसरा तपासनीस. एवढं मी करू शकतो."

यंत्रांवर केतकीचा विश्वास एरवी देवावर असावा तसा. आता त्या देवाला जाब कसा विचारायचा तेच तिला कळेना.

ती गावात परतली आणि जोतिबाच्या देवळात तिने आळी जमवली. तिने राख समजावली, चुना समजावला, टवकाही दाखवला. ऐकताना माणसांचे चेहरे हळूहळू बंद होत गेले.

"आदी म्हणलीस निवल्याली, आता म्हणतीस जागी," बाजीरावतात्या म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट दुखावलेला होता. "तुझ्या शब्दावर मी पोराचं लगीन केलं, केतकी. सून याच आळीत नांदाया आली. आता तिला कुठल्या पत्र्याच्या शेडात नेऊ?"

"तात्या, माझं चुकलं. मी हात जोडते. थोडे दिवस तरी खाली शाळेत राहा."

"दुसरा बोगदा झाला, आता तिसऱ्याला आळी मोकळी पायजे आसंल," मागून कुणीतरी बोललं. "किती दिलं गं तुला प्रकल्पानं?"

ज्या दिवशी केतकी चुकीचं बोलली त्या दिवशी या माणसांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. आज ती खरं बोलत होती आणि एकेक जण चपला पायांत सरकवून निघून गेला.

घरी आल्यावर तिने आत्याचं गाठोडं स्वतःच बांधायला घेतलं. "तू तरी चल. तुला तरी पटलंय ना?"

"पटलंय," आत्या म्हणाली.

"मग?"

"समद्यांच्या भिंतीत माझी राख हाय, पोरी. मी मळली, मी दिली. समदी निघाली की मी निघन. त्यांना फसवून मी म्होरं कशी जाऊ?"

केतकी भांडली, रडली, दोन दिवस अबोला धरून पाहिला. आत्याने गाठोडं बांधू दिलं, दाराशी ठेवूही दिलं, पण उंबरा ओलांडला नाही.

*

पावसाळ्यात भेग वाढली. ती खिडकीच्या वर चढली आणि थेट माळ्याच्या लाकडाला जाऊन भिडली. आळीतले म्हणत, पावसात भिंत फुगतेच. केतकीला मात्र त्या भयंकर वाढीतच एक आशा दिसली. खिडकीवरच्या नव्या भेगेत अजून कुणाचा अंगठा गेला नव्हता. तिथे राख नव्हती, छिन्नी नव्हती. यंत्राने ती वाचली असती तर खरं तेच सांगितलं असतं.

"यंदा भेग मिटवायची नाही, आत्या. काही झालं तरी हात लावायचा नाही."

आत्याने सत्तर वर्षांत असं कधी केलं नव्हतं. ती देव्हाऱ्याकडे वळली. "गौरीला सांगीन मी," ती म्हणाली. "एकदा उघड्या भेगंतनं ये म्हणावं. माणसं वाचायची हायती."

त्या वर्षी आळीला राख मळून द्यायलाही तिने नकार दिला. बायकांनी आपापली मळली.

फेरतपासणीचा दिवस नेमका गौरीजेवणाचा आला. कक्षातल्या दुसऱ्या तपासनीस, मुजावर मॅडम, यंत्र घेऊन आल्या. केतकी त्यांच्याबरोबर होती ती नुसती भाची म्हणून, तिला भिंतीला हात लावायचीही मुभा नव्हती. अंगणात पाऊल टाकताच तिने आधी वर पाहिलं.

खिडकीवरची भेग भरलेली होती. खालपासून वरपर्यंत, नीट, सारखी, अंगठ्याने दाबून.

आत्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. "काल दुपारी माझा डोळा लागला," ती म्हणाली. "तात्याच्या सुरेखानं भरली. शिडी लावून. म्हातारीला यंदा झेपलं न्हाय, तिची गौर उपाशी दारातनं परत जायची, म्हणून. काढाया गेले, तर तुझं बोल आठवलं. हात लावला तर यंत्र बघनार न्हाय."

बाजीरावतात्यांच्या पत्नी सुरेखाकाकू पुरणाचं ताट घेऊन तिथेच उभ्या होत्या. आपण काहीतरी चांगलं केलं आणि ते कुणाला आवडलेलं दिसत नाही, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांच्यावर ओरडावं असं केतकीला वाटलं आणि ओरडताही येईना. या बाईने तिच्या आत्यावर माया केली होती.

मग तिला ते दिसलं. कालच्या ओलसर, करड्या राखेत वरपासून खालपर्यंत केसाएवढी एक रेघ गेली होती. एका रात्रीत.

"मॅडम, इकडे या! लवकर! कालची राख आहे ही. काल भरली आणि आज फुटली. भिंत चालतेय, मॅडम, आत्ता, आपल्यासमोर!"

मुजावर मॅडम पुढे झाल्या, त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "खरंय," त्या पुटपुटल्या. "थांबा, फोटो घेते." त्या पिशवीकडे वळल्या.

"अगं बया, फुटली व्हय?" सुरेखाकाकू ओशाळल्या. "माझंच मळणं कच्चं ऱ्हायलं. ताक कमी पडलं जणू." त्यांनी ताट खाली ठेवलं, शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या, अंगठा जिभेला लावला आणि केतकी "काकू, नको!" म्हणून धावेपर्यंत हात पोचेल तिथवर सगळी रेघ पुसून सारखी करून टाकली. त्यांना फार वेळ लागला नाही. वर्षानुवर्षांचा हात होता.

मुजावर मॅडम फोन हातात घेऊन उभ्या राहिल्या. फोटो काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"छेडछाड म्हणून नोंदवलं तर फेरतपासणी रद्द होते आणि जुना निकाल कायम राहतो," त्या हळूच केतकीला म्हणाल्या.

"आणि नाही नोंदवलं तर?"

मॅडमनी यंत्र भिंतीला लावलं. बाजीरावतात्या आले होते, त्यांची सून आली होती, सगळी आळी पुन्हा अंगणात जमली होती. कुणाच्या तरी घरातून आरतीच्या घंटेचा आवाज येत होता.

"जुनी भेग," यंत्र म्हणालं. "निवलेली. घर राहण्यास योग्य."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी केतकीच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "झालं गेलं सोड, पोरी. चुकतं माणूस. आता जेवून जा." त्यांच्या त्या क्षमेने केतकीचा होता नव्हता तो धीर सुटला. तिला बोलायचं होतं, पण आता तिचं कोण ऐकणार होतं? एकदा सोडून दोनदा यंत्राने सांगितलं होतं.

अंगण हळूहळू रिकामं झालं. पठारावर पाणी भरत आलं असणार, कारण पायाखालून एक बारीक घरघर येत होती. गावाला तिची इतकी सवय झाली होती की ती ऐकू येते असंही कुणी म्हणत नसे.

आत्या घरात गेली. दाराशी ठेवलेलं गाठोडं तिने ओढून आत नेलं, गौरीपुढे बसली आणि गाठ सोडू लागली. गाठ पावसाने घट्ट झाली होती, म्हातारीच्या बोटांना सुटेना. केतकी तिच्याशेजारी बसली. तिने ती गाठ सोडून दिली. मग ती एकेक लुगडं झटकून आत्याच्या हातात देत गेली, आणि आत्या ते फळीवर ठेवत गेली.